होंडा सिटी व्हीटेक की फोर्ड आयकॉन १.६? दोन जुन्या वेगवान गाड्या आणि कोपर्निकस मार्गावरचा एक आदेश

दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे निघालात, की कोपर्निकस मार्ग लागतो. रस्ता तसा लहानच. कमानी सभागृह, दूरदर्शनचं मुख्यालय आणि आपल्या ओळखीचं जुनं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. कामासाठी दिल्लीला गेलेल्या किती तरी मराठी मंडळींचा पहिला मुक्काम इथेच पडायचा. याच रस्त्यावरच्या फरीदकोट हाऊसमध्ये राष्ट्रीय हरित लवादाचं म्हणजे एनजीटीचं मुख्य पीठ आहे. १५ वर्षांपेक्षा जुन्या गाड्या दिल्लीच्या रस्त्यावर चालवायच्या नाहीत, हा आदेश याच लवादाने २६ नोव्हेंबर २०१४ रोजी दिला. पुढे एप्रिल २०१५ मध्ये डिझेल गाड्यांसाठी ही मर्यादा १० वर्षांवर आली.

साध्या गाडीच्या बाबतीत या आदेशाने फार काही बिघडलं नाही. पंधरा वर्षांत गाडी बहुतेकांच्या मनातून उतरलेली असतेच. पण काही गाड्या मनातून उतरत नाहीत. तुमच्या घरी, किंवा नोएडा-गाझियाबादला राहणाऱ्या काकांच्या इमारतीखाली, कव्हर घालून ठेवलेली एखादी जुनी होंडा सिटी व्हीटेक किंवा फोर्ड आयकॉन १.६ असेल, तर घरात अधूनमधून निघणारा तो विषय तुम्हाला माहीत असेल. विकायची, गावी न्यायची, की भंगारात द्यायची? आणि तुम्ही महाराष्ट्रात बसून अशी गाडी घ्यायचा विचार करत असाल, तर दोघींपैकी कोणती घ्यावी?

कोपर्निकस मार्गावरच्या आदेशाकडे परत येऊच. आधी या दोघी कोण होत्या ते पाहू.

तेव्हाचा काळ

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्याकडे परदेशी कंपन्यांची रांग लागली होती. होंडाने ग्रेटर नोएडाला, म्हणजे दिल्लीच्या दारातच, कारखाना काढला आणि जानेवारी १९९८ मध्ये सिटी बाजारात आणली. फोर्डची भारतातली सुरुवात तर आपल्या नाशिकमधून झाली. महिंद्राबरोबरच्या भागीदारीत तिथे एस्कॉर्ट ही गाडी तयार व्हायची. पण एस्कॉर्ट फार चालली नाही. मग फोर्डने चेन्नईजवळ मराईमलाई नगरला नवा कारखाना उभारला आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये आयकॉन आणली. ही गाडी भारतासारख्या बाजारांसाठी मुद्दाम बनवलेली होती आणि इथून दक्षिण आफ्रिका, मेक्सिकोपर्यंत गेली. जाहिरातीत तिला 'जोश मशीन' म्हणायचे. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना ते शब्द अजून आठवत असतील.

आयकॉनचं १.३ लिटरचं इंजिन मात्र जोशाच्या मानाने अगदीच गरीब होतं. खरी गाडी होती १.६. सिटीचंही तसंच. १.३ आणि साधी १.५ या चांगल्या, सभ्य गाड्या. पण २००० च्या सुमारास १.५ व्हीटेक आली आणि कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या गप्पांचा नूरच बदलला.

त्याच सुमारास मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खुला होत होता. २००० पासून टप्प्याटप्प्याने आणि २००२ मध्ये पूर्ण. सुमारे ९४ किलोमीटरचा असा रस्ता तोवर आपल्याकडे नव्हता. पाचवा गिअर कशासाठी असतो, हे मध्यमवर्गीय घरांना पहिल्यांदा तिथे कळलं.

इंजिनांचे दोन स्वभाव

तांत्रिक भाग आहे, पण सोपा करून सांगते. दोघींची खरी तुलना इथेच आहे.

इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात. त्या उघडण्याचं काम एक फिरता दांडा करतो, त्याला कॅमशाफ्ट म्हणतात. या दांड्यावरचे उंचवटे झडपा दाबतात. उंचवटा लहान असेल तर झडप थोडी उघडते; गाडी हळू असताना हे चांगलं, पेट्रोल कमी लागतं. उंचवटा मोठा असेल तर झडप जास्त उघडते, इंजिन भरपूर हवा घेतं आणि वेगात जोर मिळतो. अडचण अशी की कुठला तरी एकच उंचवटा निवडावा लागायचा.

होंडाने दोन्ही ठेवले. १९८९ मध्ये जपानमधल्या इंटेग्रा गाडीत त्यांनी हे तंत्र पहिल्यांदा आणलं. इंजिन हळू फिरत असताना लहान उंचवटे काम करतात. फेरे एका मर्यादेपलीकडे गेले की ऑइलच्या दाबाने एक छोटी पिन सरकते, आतले हात एकमेकांना जोडले जातात आणि मोठा उंचवटा ताबा घेतो. तेच व्हीटेक. सिटीच्या १४९३ सीसीच्या, १६ झडपांच्या इंजिनाने यातून १०६ बीएचपी काढली. गाडीचं वजन साधारण टनभर. तुलनेसाठी सांगते, आजच्या सिटीचं १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन सुमारे १२० बीएचपी देतं, पण आजची गाडी बरीच जड आहे. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीची ती गाडी आजही कुणाच्या मागे रेंगाळणारी नाही. शून्यापासून १०० चा वेग ती १० सेकंदांच्या आसपास गाठायची आणि तेव्हाच्या भारतात हा आकडा ऐकून लोक डोळे मोठे करायचे.

चालवताना कसं वाटतं? खाली ती अगदी शहाण्या मुलीसारखी असते. भाजी आणायला न्या, शाळेत सोडायला न्या, काही कळणारही नाही. रस्ता मोकळा मिळाला आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून ठेवला, की एका क्षणी इंजिनाचा आवाज बदलतो, घोगरा होतो, आणि गाडी पुन्हा नव्याने धावायला लागल्यासारखी वाटते. ज्यांनी हे एकदा ऐकलंय ते त्याबद्दल बोलायचं थांबत नाहीत.

फोर्डने वेगळाच मार्ग घेतला. आयकॉन १.६ चं इंजिन रोकॅम नावाचं, १५९७ सीसीचं, झडपा फक्त आठ. कॅमशाफ्टचे उंचवटे जिथे टेकतात तिथे त्यात छोटे रोलर बसवलेले असतात. पोळी लाटताना लाटणं फिरतं म्हणून हात हलका जातो. तेच लाटणं न फिरवता कणकेवरून ओढून पाहा. रोलरचं काम तेच, घर्षण कमी करणं. ताकद साधारण ९० बीएचपीच्या घरात, म्हणजे कागदावर सिटीपेक्षा बरीच कमी. पण ही ताकद लवकर हाती येते. इंजिन जेमतेम फिरत असतानाच गाडी ओढायला लागते.

म्हणून घाटात चित्र बदलतं. चार माणसं, डिकीत बॅगा, एसी चालू आणि समोर रांगणारा ट्रक. सिटीला इथे खालचा गिअर द्यावा लागतो, इंजिन फिरवावं लागतं. आयकॉन तिसऱ्या गिअरवर मुकाट चढून जाते. वर तिचं स्टिअरिंग. त्या किमतीच्या गाड्यांत असं स्टिअरिंग तेव्हा दुसरं नव्हतं, आणि माझ्या मते आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या बऱ्याच गाड्यांतही नाही. चाकाखाली काय चाललंय ते हाताला कळतं. वळणावर गाडी रस्ता धरून बसते. सिटीचं स्टिअरिंग हलकं, शहरात सुखाचं. वेगात वळण घेताना मात्र ती आयकॉनइतका विश्वास देत नाही.

थोडक्यात, सिटीचं कौतुक इंजिनासाठी आणि आयकॉनचं चाकांवर कशी बसलीय त्यासाठी.

घरच्यांनी कुठे बसायचं?

मागच्या सीटवर दोघीही आजच्या मानाने अडचणीच्या. सिटी बुटकी आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला तिच्यात बसताना आणि त्याहून जास्त उतरताना त्रास होतो. आयकॉनची बैठक थोडी उंच. सामानाला दोघींतही पुरेशी जागा. पेट्रोलच्या बाबतीत सिटी शांतपणे चालवली तर बरी, आयकॉन १.६ अ‍ॅव्हरेजसाठी कधीच प्रसिद्ध नव्हती.

सुरक्षेबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. चालकासाठी एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली जुलै २०१९ मध्ये. या दोन गाड्या त्याच्या कितीतरी आधीच्या. बहुतेकांत एअरबॅगही नाही आणि एबीएसही नाही. आजच्या वाहतुकीत मुलांना रोज शाळेत सोडायला अशी गाडी वापरू नका. रविवारी सकाळची गाडी म्हणून ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी.

पंचवीस वर्षांनंतर काय बिघडतं

जुनी गाडी घेताना जाहिरातीतले आकडे बाजूला ठेवायचे. समोर उभी असलेली ती एक गाडी कशी आहे, एवढाच प्रश्न असतो.

सिटी व्हीटेकचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे तिची लोकप्रियता. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवणं, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, बाहेरून आणलेलं एअर फिल्टर, हे सगळं बहुतेक व्हीटेकवर कुणी ना कुणी करून ठेवलेलं असतं. मुळातच जमिनीला जवळ असलेली ही गाडी आणखी खाली आली, की प्रत्येक स्पीडब्रेकर पोटाला घासतो. अशा गाडीचा तळ जॅकवर घेऊन पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. दुसरं, साध्या १.५ वर व्हीटेकचा बिल्ला चिकटवलेल्या गाड्याही फिरतात. आरसी बुकवर १४९३ सीसी लिहिलंय म्हणजे व्हीटेकच, असं नाही; दोन्ही इंजिनांचा आकार एकच होता. बॉनेट उघडून इंजिन ओळखणारा मेकॅनिक बरोबर न्या.

आणि टायमिंग बेल्ट. सिटीच्या इंजिनात कॅमशाफ्ट फिरवायला रबरी पट्टा असतो. तो चालत्या गाडीत तुटला तर झडपा वाकू शकतात आणि इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. गाडी दोन वर्षं उभी होती, कमी चालली आहे, असं विकणारा अभिमानाने सांगतो. पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. शेवटचा बेल्ट कधी बदलला याची पावती मागा. नसेल तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा.

आयकॉनच्या रोकॅममध्ये पट्ट्याऐवजी साखळी आहे. ही काळजी नाही. तिची दुखणी लहान पण सतत चालणारी: पुढच्या सस्पेंशनचे बुश, पॉवर स्टिअरिंगची गळती, आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं आवरण. हे आवरण तडकलं की पाणी हळूहळू कमी होतं, कुणाच्या लक्षात येत नाही आणि एका दिवशी घाटात काटा लालवर जातो. इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीत डोकावायची सवय हवी. आयकॉनच्या खाली पाण्याचा डाग दिसला तर "एसीचं पाणी आहे" या उत्तरावर समाधान मानू नका.

सुटे भाग? दोन्ही मूळ कारखाने आज बंद आहेत. होंडाने डिसेंबर २०२० मध्ये ग्रेटर नोएडातलं मोटारींचं उत्पादन थांबवलं आणि सगळं काम राजस्थानातल्या टपूकडाला नेलं. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. होंडा निदान इथे गाड्या विकते आहे, पण म्हणून २००१ च्या गाडीचा दिवा काउंटरवर मिळेल असं नाही. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट अशा झिजणाऱ्या गोष्टी दोघींच्याही मिळतात. अडतं ते काचा, दिवे, दरवाजाचे रबर आणि आतलं प्लास्टिक इथे. म्हणून रंग उडालेली पण सगळे तुकडे जागेवर असलेली गाडी, चकचकीत रंग मारलेल्या आणि आतून अर्धवट असलेल्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली.

आता आणखी एक नवा विषय आलाय तो पेट्रोलमधल्या इथेनॉलचा. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे. आपल्याच उसापासून ते बनतं, त्यामुळे कोल्हापूर-सांगलीच्या वाचकांकडे मी तक्रार करत नाही. पण या गाड्यांचे पेट्रोलचे पाइप आणि रबरी सील त्या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. गाडी घेतल्याबरोबर ते पाइप नवे घाला. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी सुरूच करू नका.

पुन्हा कोपर्निकस मार्गावर

लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी उचलून धरला. दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागात १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायची नाही, हे तेव्हापासून पक्कं झालं. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा गाड्यांना पंपावर पेट्रोल देणंही बंद करायचं ठरलं होतं. गोंधळ झाला आणि काही दिवसांतच ते थांबलं. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून गाडीमालकांवर कारवाई करू नका असं सांगितलं. घराघरांतल्या जुन्या गाड्यांवरची कव्हरं निघाली असतील. पण १७ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने त्यात बदल केला. हे संरक्षण आता फक्त बीएस-४ आणि त्यानंतरच्या गाड्यांना आहे.

आपल्या दोघी त्यात बसत नाहीत. बीएस-४ दिल्लीत आलं एप्रिल २०१० मध्ये. सिटी व्हीटेक २००३ मध्येच बंद झाली आणि आयकॉन १.६ ही त्या आधीच्या नियमांची गाडी.

राग येणं साहजिक आहे. "माझी गाडी पीयूसी पास होते, वर्षाला दोन हजार किलोमीटर चालते, आणि तिला बंदी?" हा युक्तिवाद चुकीचा नाही. वयापेक्षा प्रत्यक्ष धूर मोजावा, असं मलाही वाटतं. पण दुसरी बाजूही पाहा. बीएस-२ पेट्रोल गाडीला हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून किलोमीटरमागे ०.५ ग्रॅम सोडायची मुभा होती. बीएस-६ ला मिळून ०.१६ ग्रॅम. म्हणजे तिपटीहून जास्त फरक, आणि तोही गाडी नवी असताना. नोव्हेंबरमध्ये दिल्लीत ज्यांच्या घरी लहान मूल रात्रभर खोकतं, त्यांना आपल्या व्हीटेकचा आवाज कितीही सांगितला तरी गोड वाटणार नाही.

व्हिंटेज म्हणून सूट मिळेल का, असं बरेच जण विचारतात. व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी असावी लागते. २००१ च्या सिटीला त्यासाठी २०५१ पर्यंत थांबावं लागेल.

म्हणून दिल्लीतल्या गाडीपुढे खरे रस्ते दोन. पहिला, एनसीआरबाहेर नेणं. त्यासाठी दिल्लीच्या परिवहन विभागाकडून एनओसी घ्यायची आणि ज्या आरटीओत गाडी नोंदवायची, तिथे ती स्वीकारतात का हे आधी विचारायचं. हा क्रम उलटा करू नका. ट्रेलरवर गाडी पुण्यात आली आणि मग कागद अडले, तर गाडी परत नेताही येत नाही. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर गाडीचं पासिंग करून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. पर्यावरण कर वेगळा. २० वर्षांवरच्या मोटारीचं नोंदणी नूतनीकरणाचं केंद्राचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये झालं. त्यात बाहेरच्या राज्यातून आली म्हणून इथला रस्ता कर, नवी सुरक्षा नंबरप्लेट, विमा. हे सगळं मिळून गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतं, तेव्हा आधी बेरीज करा. नियम आणि शुल्क दोन्ही बदलत असतात, त्यामुळे आरटीओतली ताजी माहितीच धरून चाला.

दुसरा रस्ता, अधिकृत केंद्रात गाडी मोडीत काढणं. तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला दिलीत तर हे प्रमाणपत्र मिळत नाही आणि गाडी कागदोपत्री तुमच्याच नावावर राहते. नंतर तिचा नंबर कुठे सापडला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

मग कोणती?

तुम्ही महाराष्ट्रात राहता, घरात रोजची दुसरी गाडी आहे आणि एकच निवडायची आहे, असं धरू.

महिन्यातून तीन-चारदा बाहेर काढणार असाल, घाटातून गावी नेणार असाल, तर आयकॉन १.६ घ्या. व्हीटेकभोवती जमलेली हवा आयकॉनला नाही, त्यामुळे किंमत चढवून सांगितली जात नाही, कुणी तिच्याशी फार खेळलेलं नसतं, आणि वळणावळणाच्या रस्त्यावर ती जास्त सुख देते.

व्हीटेक घ्यायची तर एकाच अटीवर: गाडी मूळ अवस्थेत हवी. तोच सायलेन्सर, त्याच स्प्रिंगा, सर्व्हिसच्या पावत्यांची फाइल आणि शक्यतो पहिलाच मालक. अशी मिळायला वर्ष लागेल. तोवर थांबा. मध्येच कुणाची तरी लाल रंगवलेली, मागे पंख लावलेली व्हीटेक स्वस्तात दिसेल, ती सोडून द्या.

दोघींपैकी कुठलीही पाहायला जाताना गाडीचा नंबर परिवहन अ‍ॅपवर टाकून नोंदणीची मुदत, कर्जाचा बोजा आणि थकलेले दंड आधीच पाहून घ्या. नंबर 'डीएल', 'एचआर' किंवा 'यूपी'ने सुरू होत असेल तर एनओसी हातात पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. आणि मालकाला सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.